आमदाराने शाळांबद्दल काय मत दिलं ते कुठे लिहिलेलं असतं?

सरळच सांगते, मला माझ्या आमदारांनी शाळा, फी, आरक्षण, बायकांसाठीचे कायदे असल्या विषयांवर विधानसभेत कुठल्या बाजूने मत दिलं ते शोधायचं होतं. तासाभराचं काम वाटलं होतं. कारण माझी मावसबहीण टेक्सासमध्ये राहते आणि तिने मला तिच्याकडच्या राज्य प्रतिनिधीचं असंच एक पान फोनवर दाखवलं होतं, नाव टाकलं की खाली यादी, अमुक तारखेला शाळांच्या बिलावर हो, तमुक बिलावर नाही, या दिवशी गैरहजर. मी म्हटलं आपल्याकडे पण असेलच की, आपण तर प्रत्येक गोष्टीचं पोर्टल काढतो.

तर नाहीये. आणि का नाही हे बघता बघता जे कळलं ते मला त्या यादीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटलं, म्हणून हे एवढं लांबलचक.

आधी टेक्सासचं सांगते, म्हणजे अशा नोंदीचा उपयोग काय होतो ते कळेल. तिथल्या गव्हर्नरला, ग्रेग ॲबट यांना, खाजगी शाळेत घालणाऱ्या पालकांना सरकारी पैसे द्यायची योजना आणायची होती, व्हाउचर म्हणतात त्याला. 17 नोव्हेंबर 2023 ला तिथल्या खालच्या सभागृहात मत झालं आणि 84 विरुद्ध 63 ने योजना बिलातून उडवली गेली. गंमत म्हणजे उडवणाऱ्यांत गव्हर्नरच्याच रिपब्लिकन पक्षाचे 21 जण होते, बरेचसे ग्रामीण भागातले, जिथे खाजगी शाळा जवळपास नसतातच आणि सरकारी शाळा हीच गावातली मोठी नोकरी देणारी जागा असते. त्यांनी मतदारसंघ बघितला आणि पक्षाच्या विरोधात बटण दाबलं, आणि ते नावासकट छापून आलं. मग 2024 च्या पक्षांतर्गत निवडणुकीत गव्हर्नरनी यातल्या अनेकांच्या विरोधात प्रचार केला, कितीतरी जण पडले, आणि 2025 च्या एप्रिलमध्ये तीच योजना 85 विरुद्ध 63 ने पास झाली, यावेळी विरोधात गेलेले रिपब्लिकन फक्त दोन.

म्हणजे नोंद असली की सगळं छान होतं असं अजिबात नाही. ज्या यादीवरून मतदाराला आपला माणूस कळतो त्याच यादीवरून वरच्यांनाही कोणाला पाडायचं ते कळतं. पण निदान काय झालं ते तरी लोकांना माहीत आहे ना, कोण कशासाठी उभा राहिला आणि त्याची काय किंमत मोजली ते.

आता आपल्याकडे या. 288 आमदारांची विधानसभा, 78 जणांची विधान परिषद. विधेयक आलं, मंत्री दोन शब्द बोलले, विरोधक वेलमध्ये उतरून घोषणा देतायत, अध्यक्ष म्हणतात अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावं, प्रतिकूल असतील त्यांनी नाही म्हणावं, आणि पुढच्या क्षणी होयचं बहुमत आहे, विधेयक संमत झालं. आवाजी मतदान. आवाजाला नाव नसतं. तुमचे आमदार हो म्हणाले, गप्प बसले, का बाहेर लॉबीत कोणाशी बोलत होते हे नंतर कुठल्याच कागदावरून कळत नाही. मतविभागणी मागता येते, मागितली तर मोजणी होते, पण कायद्यांच्या बाबतीत ती क्वचितच मागितली जाते कारण विरोधकांना माहीत असतं आपण हरणार, मग सभात्याग करून बाहेर पायऱ्यांवर कॅमेऱ्यासमोर बोललेलं जास्त बरं.

मोजणी करता येत नाही अशातला भाग नाही हो. खुर्चीचा प्रश्न आला की सगळं जमतं. 30 नोव्हेंबर 2019 ला उद्धव ठाकरेंच्या सरकारला 169 मतं पडली ती एकेक आमदार उभा करून मोजली, 4 जुलै 2022 ला एकनाथ शिंदेंच्या बाजूने 164 आणि विरोधात 99, तीही तशीच शिरगणती. (2014 च्या नोव्हेंबरात मात्र फडणवीसांचा विश्वासदर्शक ठरावच आवाजी मतदानाने झाला होता आणि केवढा गोंधळ झाला होता आठवत असेल. तेव्हा मोजणी का नाही म्हणून ओरडणारे पक्ष नंतर स्वतः सत्तेत आले, पण कायद्यांवर नाव घेऊन मतदान व्हावं असं काही कोणी सुरू केलं नाही.)

सामाजिक विषयांवर तर अजून एक प्रकार असतो, एकमताने. एप्रिल 2016 मध्ये सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा, एकमताने. त्याच आठवड्यात डान्स बारचा कायदा, एकमताने. 2018 मध्ये मराठा आरक्षण, एकमताने, मग 5 मे 2021 ला सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं, मग 20 फेब्रुवारी 2024 ला एका दिवसाच्या खास अधिवेशनात 10 टक्क्यांचा नवा कायदा, तोही एकमताने. 2021 च्या डिसेंबरात बायकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक, एकमताने. बाहेर याच विषयांवर गावागावात भांडणं, चॅनेलवर आरडाओरडा, खाजगीत आमदार वेगळंच बोलतात आणि आत 288 लोकांचं एकच मत, मला तर हे एकमत म्हणजे कोणालाच आपलं नाव कुठल्याच बाजूला लिहून नकोय एवढंच वाटतं.

जादूटोणा विरोधी कायद्याचं बघा. 2005 साली विधानसभेत विधेयक पास झालं होतं, मग परिषदेत ते पुढे सरकलंच नाही, वर्षानुवर्षं. कोणी विरोधात मत दिलं? कोणीच नाही, कारण मतच घेतलं नाही. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला, चार दिवसांत अध्यादेश निघाला आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात तो कायदा झाला. मधली जी सात-आठ वर्षं गेली त्यात ज्यांनी ज्यांनी अडवलं त्यांच्या नावावर एकही ‘नाही’ नोंदलेलं नाही. अडवायची ही पद्धत फार सोयीची आहे, विषय यादीत वर येऊच द्यायचा नाही.

आणि नोंद असली की काय फरक पडतो याचं आपल्याच मातीतलं उदाहरण आहे. 20 सप्टेंबर 2023, लोकसभेत महिला आरक्षणाचं विधेयक, 454 विरुद्ध 2. ते दोघे एमआयएमचे, ओवैसी आणि तेव्हाचे औरंगाबादचे खासदार इम्तियाज जलील. त्यांचं म्हणणं होतं की ओबीसी आणि मुस्लिम बायकांना यात वेगळा वाटा नाही म्हणून विरोध. मला त्यांचं मत पटलं की नाही हा वेगळा विषय, पण त्यांच्या मतदाराला ते ठाम माहीत होतं, त्यावरून त्यांना जाब विचारता येत होता आणि पाठही थोपटता येत होती. विधानसभेत 10 जुलै 2025 ला जनसुरक्षा विधेयक (शहरी नक्षलवाद रोखायला म्हणून आणलेलं) आवाजी मतदानाने पास झालं तेव्हा डहाणूचे माकपचे विनोद निकोले हे एकटेच विरोधात उभे राहिले आणि एकट्याने नाही म्हटलं हीच बातमी झाली. मग काँग्रेसमध्ये आतून चौकशा, आपल्या लोकांनी नीट विरोध का नाही केला वगैरे. म्हणजे पक्षाला स्वतःलाच आपले आमदार त्या दिवशी काय करत होते याचा खुलासा मागायची वेळ येते, तिथे तुम्हीआम्ही कुठून शोधणार.

यावर नेहमीचं उत्तर असतं व्हिप. पक्षादेश. 1985 च्या 52 व्या घटनादुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं आणि पक्षाचा आदेश मोडून मत दिलं किंवा गैरहजर राहिलं तर आमदारकी जाऊ शकते, पक्षाने पंधरा दिवसांत माफ केलं तर गोष्ट वेगळी. त्यामुळे आमदार म्हणतो माझ्या मताला काय अर्थ आहे ताई, पक्ष सांगेल ते. अर्धं खरं आहे. पण 1992 च्या किहोटो होलोहान खटल्यात सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय की हा आदेश सरकार टिकण्यापडण्याच्या मतदानापुरता किंवा पक्षाच्या मूळ कार्यक्रमाच्या विषयापुरता असावा. शाळेच्या फीच्या कायद्यातल्या एका कलमावर वेगळं मत दिलं म्हणून सरकार कुठे पडतंय? आणि दुसरं म्हणजे मोजणीच होत नाही तिथे व्हिप मोडला की पाळला हे तरी कोणाला कळणार, म्हणजे ही ढाल मुळात लागतच नाही पण सगळे ती पाठीवर घेऊन फिरतात.

आता शाळांकडे. इथे तर मला खरोखर धक्का बसला, कारण शाळांबद्दलचे मोठमोठे निर्णय मतदानाला येतच नाहीत. जीआर निघतो, म्हणजे खात्याचा शासन निर्णय. संपलं.

पहिलीपासून हिंदीचंच घ्या. 16 एप्रिल 2025 ला शासन निर्णय, मग मंत्री म्हणाले अनिवार्य शब्दाला स्थगिती, मग 17 जूनला सुधारित शासन निर्णय, वीस विद्यार्थी असतील तर हिंदीऐवजी दुसरी भाषा घेता येईल वगैरे, महाराष्ट्र पेटला, दोन्ही ठाकरे एकत्र यायची तारीख ठरली, आणि 29 जूनला दोन्ही निर्णय रद्द, डॉ. नरेंद्र जाधवांची समिती. पावसाळी अधिवेशन सुरू झालं 30 जूनला! एक दिवस आधी विषय गुंडाळला. सहासात वर्षांच्या पोरांनी किती भाषा शिकाव्यात या प्रश्नावर एवढं राजकारण झालं आणि 288 पैकी एकालाही सभागृहात हो किंवा नाही म्हणावं लागलं नाही. प्रत्येकाने ट्वीट केलं असेल.

आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, तसंच. 2009 च्या कायद्याने खाजगी विनाअनुदानित शाळांत 25 टक्के जागा गरीब मुलांसाठी. 9 फेब्रुवारी 2024 ला अधिसूचना काढून नियम बदलले, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला ही सक्ती नाही. एका फटक्यात बहुतेक शहरी खाजगी शाळा सुटल्या असत्या. ते कोणी थांबवलं, आमदारांनी? नाही, पालक आणि संघटना हायकोर्टात गेल्या, मे मध्ये स्थगिती मिळाली आणि 19 जुलै 2024 ला मुंबई हायकोर्टाने ते रद्द केलं. 15 मार्च 2024 चा संचमान्यतेचा (म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचा) निर्णय, ज्याने कमी पटाच्या शाळांतली शिक्षकांची पदंच धोक्यात आली, तोही शासन निर्णय. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा राज्यात 14 हजारांहून जास्त आहेत, त्यांच्या समूह शाळा (जवळच्या छोट्या शाळा मिळून एक) करायचं जे 2023 मध्ये चाललं होतं तेही खात्याच्या पत्रांतून. वाडीवरची शाळा राहणार की जाणार यावर तिथल्या आमदाराचं मत कुठे नोंदवलेलं असणार, कुठेच नाही.

बरं कायदा झाला तरी पुढे काय होतं ते बघा. 2020 च्या फेब्रुवारीत सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं करणारा कायदा झाला, पुन्हा तेच, एकमताने, मोडला तर एक लाखापर्यंत दंड. भाषणं वाचा, अंगावर काटा येतो. मग 2023 च्या एप्रिलमध्ये शासन निर्णय आला की इतर बोर्डांच्या शाळांत एका बॅचसाठी मराठीचे मार्क धरायचे नाहीत, फक्त श्रेणी द्यायची. कोविडचं कारण होतं, ते खोटंही नव्हतं. पण सभागृहाने एकमुखाने ठरवलेली गोष्ट खात्याने एका कागदाने सैल केली आणि ज्यांनी बाकं वाजवली होती त्यातल्या किती जणांनी उठून विचारलं हे मी शोधतेय, अजून फार काही हाती लागलं नाहीये.

आणि आता फी, जिथून माझं हे सगळं सुरू झालं. फी नियंत्रणाचा कायदा 2011 चा, लागू व्हायला 2014 उजाडलं. 2018 ला त्यात दुरुस्ती झाली आणि त्यात एक मेख अशी की फीविरुद्ध दाद मागायची तर 25 टक्के पालक एकत्र यायला हवेत. ज्यांनी कधी शाळेच्या विरोधात एका कागदावर पालकांच्या सह्या गोळा केल्यात त्यांना विचारा 25 टक्के म्हणजे काय असतं ते. सगळे व्हॉट्सॲपवर शूर, सही म्हटलं की पोराचं नाव शाळेला कळेल म्हणून मागे. तर हे कलम आलं तेव्हा आपले आमदार काय म्हणाले, हे मी आमच्या आमदारांच्या पीएला मेसेज करून विचारलं. उत्तरात तीन फोटो आले, एका शाळेच्या नव्या वर्गखोल्यांचं उद्घाटन, आणि खाली साहेब नेहमी शिक्षणासाठी तत्पर. वर्गखोल्या आमदार निधीतून, वर्षाला 5 कोटी मिळतात प्रत्येकाला, त्यातून. खोल्या हव्यातच, मी कुठे नाही म्हणते, पण मी विचारलं काय आणि मिळालं काय.

इथे एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. आपल्याकडे कित्येक आमदार स्वतः शिक्षणसंस्था चालवतात, किंवा वडील चालवायचे, किंवा बायको अध्यक्ष आहे. 1983 मध्ये वसंतदादांच्या काळात विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली तिथून शिक्षणसम्राट हा वर्गच तयार झाला आणि तो सगळ्या पक्षांत आहे, त्यामुळे यात कोणी कोणाकडे बोट दाखवत नाही. काही संस्था खरंच चांगल्या आहेत, तालुक्याच्या पोरी शिकल्या त्यांच्यामुळे. पण फी किती आणि तक्रार कोणी करायची हे ठरवणाऱ्या विधेयकाच्या वेळी हीच मंडळी होय म्हणणाऱ्या घोळक्यात असणार आणि आपल्याला ते दिसणार नाही, हे मला फारच खटकतं. आवाजी मतदानाचा सगळ्यात जास्त फायदा कोणाला होत असेल तर तो यांना.

शिक्षक आमदार असतात ना, असं कोणी म्हणेल. असतात, परिषदेत सात जागा शिक्षक मतदारसंघाच्या, घटनेच्या 171 व्या कलमाप्रमाणे. पण त्यांना निवडतात शिक्षक, तेही माध्यमिक आणि त्यावरचे, तीन वर्षं शिकवलेले. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या बाईंना तिथे मतच नाही. टप्पा अनुदान, जुनी पेन्शन, यावर ही मंडळी तावातावाने बोलतात आणि बोलायलाच पाहिजे, आझाद मैदानात पावसात बसलेल्या शिक्षकांचं दुसरं कोण ऐकतं. पण पोराला चौथीत जोडाक्षर वाचता येत नाही यासाठी निवडून आलेला कोणी नाही.

मग वाचायचं काय? मत नाही सापडत, पण प्रश्न सापडतात. विधिमंडळाच्या कामकाजाचा वृत्तांत असतो, तारांकित प्रश्नांच्या याद्या असतात, लक्षवेधी, औचित्याचे मुद्दे, अर्धा तास चर्चा. मुंबईच्या आमदारांचं प्रगतीपुस्तक प्रजा फाउंडेशन काढतं, त्यात किती प्रश्न विचारले, हजेरी किती, हे मिळतं. मुंबईच्या बाहेर तुम्हालाच बसावं लागतं. आणि नुसत्या आकड्यावर जाऊ नका, एका तारांकित प्रश्नाखाली पंधरावीस आमदारांची नावं असतात, मूळ प्रश्न कोणाचा आणि सही कोणाची ते कळत नाही, त्यामुळे शंभर प्रश्न म्हणजे शंभर वेळा अभ्यास असं नव्हे. मी काय करते, प्रश्नाचा विषय बघते. अमुक संस्थेला मान्यता का रखडली, तमुक मुख्याध्यापकावर कारवाई का नाही, असले प्रश्न बाजूला काढते (यात गावच्या गटबाजीचा वास येतोच येतो) आणि उरलेल्यांत मुलांबद्दल किती ते बघते. आमच्या आमदारांचे बाजूला काढल्यावर जे उरले त्यात दोन चांगले निघाले, एक आश्रमशाळेतल्या जेवणाबद्दल आणि एक शाळेच्या एसटी पासबद्दल. त्यांच्या पक्षाला मी कधी मत दिलेलं नाही, पण एसटी पासचा प्रश्न बरोबर होता, मुलींची शाळा त्यावरच अडते.

मागणी म्हणाल तर अगदी छोटी आहे. शिक्षण आणि सामाजिक विषयावरच्या प्रत्येक विधेयकाच्या शेवटच्या वाचनाला नाव घेऊन मतदान व्हावं. वेळ लागेल म्हणतात. विश्वासदर्शक ठरावाला लागलेला वेळ आपण सगळ्यांनी टीव्हीवर बघितलाय, सरकार आरामात दुपारी मोकळं झालं. शिवाय संसदेत बटणं आहेत, ती मुंबईत बसवायला काय हरकत आहे, वर्गखोल्यांपेक्षा स्वस्त पडतील. यासाठी कायदाही नको, विरोधी पक्षाने प्रत्येक वेळी मतविभागणी मागायची ठरवली तरी अर्धं काम होतं, आणि विरोधक ते का करत नाहीत हा प्रश्न मी पुढच्या वेळी मत मागायला येतील तेव्हा दोन्ही बाजूंना विचारणार आहे.

तोपर्यंत एक एक्सेल केलंय. तारीख, विधेयक का शासन निर्णय, सभागृहात आलं का, आमचे आमदार बोलले का, काय बोलले. 2018 च्या फी दुरुस्तीवरच्या चर्चेच्या वृत्तांताची पानं कोणी काढलेली असतील तर कमेंटमध्ये टाका, मला त्या दिवशी दोन्ही सभागृहांत कोण कोण बोललं ते हवंय, आणि तुमच्या आमदाराचं नाव त्यात असेल तर तेही सांगते.